पॅलिएटिव्ह केअरची मार्गदर्शिका अनेक जणांनी मिळून लिहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेगवेगळ्या संस्थांत पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेचे, काम करणारे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि समाजसेवक यांचा एक गट आयुष्याच्या शेवटच्या दिवसांतल्या लक्षणांवर संयुक्त मार्गदर्शिका लिहू पाहतो आहे. पुरावा तुटपुंजा, मते मात्र पुष्कळ. सहमती कशी घडवायची, लेखक म्हणून नावे कोणाची घालायची, जर्नलकडे पाठवायचे की स्वतःच प्रसिद्ध करायचे, आणि एका औषध कंपनीने छपाईचा खर्च देऊ केला आहे तो घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते: घेऊ नका. छपाई, बैठकीचे जेवण, सदस्यांचा प्रवास, काहीच नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामक, औषधांशी संबंधित आपले दोन दस्तऐवज मागे घेतले. एक २०११ चा, नियंत्रित औषधांच्या राष्ट्रीय धोरणांबद्दलचा. दुसरा २०१२ चा, मुलांमधल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेवरच्या औषधोपचाराचा. त्यांवर ओपिऑइड बनवणाऱ्या एका कंपनीच्या वर्तुळाचा प्रभाव पडला, असा आरोप अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी अहवाल काढून केला होता. आरोपात तथ्य किती यावर आमच्या क्षेत्रात बराच वाद झाला. पण वादाचा निकाल काहीही लागो, रुग्णांना मॉर्फिन मिळवून देण्यासाठी ज्यांना सरकारी अधिकाऱ्यापुढे एखादा कागद ठेवावा लागत होता, त्यांच्या हातातला कागद गेला. मजकुरात एकही वाक्य चुकीचे नसताना दस्तऐवज बाद होऊ शकतो, तो असा. सिरिंज पंप बनवणारे आणि पोषणद्रव्ये विकणारे यांनाही हाच नियम लावा.

पैशाचा हितसंबंध निदान दिसतो. बौद्धिक हितसंबंध दिसत नाही, आणि आपल्याकडे तोच जास्त असतो, कारण पॅलिएटिव्ह केअरचे जग लहान आहे. एखाद्या औषधाची चाचणी ज्याने केली तोच त्या विषयातला सर्वांत जाणकार, आणि तोच तुमच्या गटात. त्याला बाहेर काढणे वेडेपणाचे ठरेल. त्याने चर्चेत बोलावे, माहिती द्यावी, पण त्या शिफारशीवर मत देऊ नये, आणि तसे झाल्याचे दस्तऐवजात छापावे. हे पहिल्याच बैठकीत ठरवा. नंतर ठरवायला गेलात की ते कोणा एका माणसाविरुद्ध केल्यासारखे होते.

आता मुख्य गोष्ट. अशा बहुतेक मार्गदर्शिकांचे भवितव्य लिहायला बसण्याआधीच ठरलेले असते. हा कागद कोण, कुठे, कोणत्या क्षणी उघडणार आहे, याचे उत्तर गटातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळे असते आणि कोणी ते बोलून दाखवत नाही. सल्लागार डॉक्टरांना संदर्भग्रंथ हवा असतो. रात्रपाळीच्या नर्सला एक पान हवे असते, कारण रुग्ण अस्वस्थ आहे, डॉक्टर फोनवर आहेत आणि औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात आहे. प्रशासनाला तपासणीच्या वेळी दाखवायला काहीतरी हवे असते. तिघांसाठी एकच दस्तऐवज लिहायला गेलात तर तो साठ पानांचा होईल आणि नर्स तो उघडणार नाही. वाचक एक निवडा. बाकीच्यांसाठी परिशिष्टे काढा, नाहीतर वेगळे कागद. माझे मत विचाराल तर रात्रपाळीची नर्स निवडा. तिला जे समजते आणि वापरता येते ते इतरांना समजतेच. याच्या उलट मात्र कधी होत नाही.

कागद कसा वापरला जाईल याचा विचार न केल्यास काय होते, त्याचे आपल्या क्षेत्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला लिव्हरपूल केअर पाथवे, शेवटच्या दिवसांतल्या काळजीची एक ठरीव कार्यपद्धती. हॉस्पिसमध्ये मरणासन्न रुग्णाची जी काळजी घेतली जाते ती साध्या रुग्णालयांतही मिळावी, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो तयार झाला. हेतू उत्तम होता आणि मजकूरही बराचसा शहाणपणाचा. पण तो रुग्णालयांत पसरत गेला तसा प्रशिक्षणाविना वापरला जाऊ लागला. काही ठिकाणी त्याच्या वापराशी आर्थिक प्रोत्साहनही जोडले गेले, आणि विचार करायचा तिथे चौकोनात खुणा होऊ लागल्या. रुग्णाला 'पाथवेवर ठेवले' हे कुटुंबाला सांगितलेच नाही, पाणी तोडले, अशा तक्रारी आल्या. बॅरोनेस जूलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली परीक्षण झाले, २०१३ मध्ये अहवाल आला, आणि पुढच्या वर्षी तो पाथवे मोडीत काढला गेला. तुमचा विषय नेमका तोच आहे, शेवटचे दिवस. म्हणून तुमच्या मार्गदर्शिकेतली पहिली शिफारस औषधाची नसावी. 'हा रुग्ण आता शेवटच्या दिवसांत आहे' हे कोणी, कशावरून ठरवायचे, घरच्यांशी कोणी बोलायचे, आणि रोज त्याचा फेरविचार कसा करायचा, हे आधी यावे. माणूस सुधारला तर काय करायचे, हेही लिहा. तसे होते.

पुराव्याचा प्रश्न. मरणासन्न माणसांवर चाचण्या करणे अवघड असते. संमती घ्यायची तर तो बोलू शकेल तेव्हाच घ्यावी लागते, लोक चाचणीतून मध्येच गळतात, आणि 'बरे वाटणे' मोजायचे कसे हा घोळ असतोच. त्यामुळे ग्रेड पद्धतीने पुरावा तोलायला बसलात तर तिच्या चार पायऱ्यांपैकी, म्हणजे उच्च, मध्यम, निम्न आणि अतिनिम्न, तुमच्या बहुतेक ओळी खालच्या दोहोंत पडतील. याने खचू नका आणि हे लपवूही नका. ग्रेडमध्ये पुराव्याची खात्री आणि शिफारशीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिफारस ठाम असू शकते किंवा सशर्त. खात्री निम्न असेल तर शिफारस बहुधा सशर्तच असावी, आणि अपवाद केलात तर कारण लिहावे. याशिवाय तिसरा प्रकार आहे, चांगल्या व्यवहाराचे विधान. रुग्णाला इंजेक्शन देण्यापूर्वी ते कशासाठी हे त्याला सांगावे, यासाठी कोणी चाचणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. अशा विधानांना पुराव्याची खोटी श्रेणी चिकटवू नका. पण प्रत्येक आवडती सवय या खात्यात घुसवायचा मोह होतो, तोही आवरा.

कारण सवयी चुकीच्या निघतात. ज्यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे अशांना धाप लागली तरी नाकातून ऑक्सिजन लावायची पद्धत होती. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत नळीतून साधी हवा सोडली तरी तितकाच आराम पडतो असे दिसले. डिलिरियममध्ये, म्हणजे आजारात अचानक येणाऱ्या संभ्रमात, हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचे औषध देणे हा तर आपल्या पाठ्यपुस्तकांचा कणा. पॅलिएटिव्ह केअरमधल्या रुग्णांवर झालेली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली चाचणी वाचा: हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन मिळालेल्यांची लक्षणे प्लासीबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा, मिळालेल्यांपेक्षा जास्त होती. या दोन्ही गोष्टी त्याआधी कोणत्याही अनुभवी गटाने एकमताने शिफारस केल्या असत्या.

एक शिफारस कशी घडते ते जवळून पाहू. विषय घेऊ शेवटच्या तासांत घशातून येणाऱ्या घरघरीचा. पहिल्या मसुद्यात साधारण असे वाक्य येते: 'घरघर होत असल्यास अँटिकोलिनर्जिक औषध द्यावे.' (म्हणजे स्राव कमी करणारे औषध.) हे वाक्य टेबलावर ठेवा आणि सगळ्यांना बोलू द्या. नर्स विचारते, त्रास कोणाला होतो आहे? रुग्ण बहुधा शुद्धीत नसतो. उशाशी बसलेल्या मुलीला तो आवाज ऐकवत नाही. फार्मासिस्ट विचारतो, कोणते औषध? हायोसिन हायड्रोब्रोमाइड मेंदूत उतरते, त्याने गुंगी किंवा गोंधळ वाढू शकतो. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आणि ग्लायकोपायरोनियम तसे सहसा करत नाहीत. ज्याने शोधनिबंध वाचले आहेत तो सांगतो की कोणतेही औषध प्लासीबोहून सरस असल्याचा पटण्याजोगा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावा पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्याला सापडला नव्हता. पुढे २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या हॉस्पिसांत झालेली चाचणी आली. तिच्यात घरघर सुरू होण्याआधीपासून हायोसिन ब्युटिलब्रोमाइड दिलेल्यांपैकी १३ टक्क्यांना घरघर झाली, प्लासीबो गटात २७ टक्क्यांना. म्हणजे तो पुरावा प्रतिबंधाचा आहे. सुरू झालेली घरघर थांबवण्याबद्दल ती चाचणी काही सांगत नाही, आणि पहिला मसुदा नेमका त्याबद्दलच बोलतो आहे. मग गटातली, स्वतःच्या आईची सेवा केलेली व्यक्ती सांगते की आई गुदमरते आहे असेच घरच्यांना वाटत होते, आणि तसे नाही हे सांगायला कोणी आलेच नव्हते.

आता त्या एका वाक्याची तीन झाली. रुग्णाला कुशीवर वळवावे. या आवाजाचा अर्थ काय आणि रुग्णाला त्याचा त्रास होत असण्याची शक्यता कमी का, हे घरच्यांना, शक्य तर आवाज सुरू होण्याआधी, समजावून सांगावे. ही दोन चांगल्या व्यवहाराची विधाने. तिसरे सशर्त: औषधाचा विचार करता येईल, आधीच साचलेला स्राव त्याने नाहीसा होत नाही, उपयोग दिसला नाही तर बंद करावे, तोंड कोरडे पडणे आणि लघवी तुंबणे याकडे लक्ष ठेवावे. चाचणी प्रतिबंधाची होती हे खाली एका ओळीत. हा परिच्छेद लिहायला एक अख्खी बैठक जाते, आणि ती वाया जात नाही. अशा पाच-सहा शिफारशी नीट घडल्या की बाकीच्या भराभर होतात, कारण तोवर गटाला एकत्र विचार करायची सवय लागलेली असते.

हे सगळे बोलून होत नाही तिथे डेल्फाय. ही पद्धत रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात निघाली, तिचे वैद्यकाशी काही नाते नव्हते. विधाने सर्वांना पाठवायची, प्रत्येकाने निनावी गुण द्यायचे, एकत्रित निकाल आणि शेरे परत पाठवायचे, सुधारलेल्या विधानांवर पुन्हा मत घ्यायचे. निनावीपणाला फार महत्त्व आहे. एका टेबलाभोवती विभागप्रमुख बोलल्यावर दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली नर्स विरुद्ध बोलत नाही. मतपत्रिकेवर ती बोलते. पॅलिएटिव्ह केअरमधल्या डेल्फायसाठी २०१७ साली क्रेडेस नावाचे मार्गदर्शन निघाले आहे आणि सहमतीच्या पद्धतींचे अहवाल कसे लिहावेत यासाठी २०२४ मध्ये अकॉर्ड. दोन्ही सुरू करण्यापूर्वी वाचा. किती टक्क्यांना सहमती म्हणायचे याचा सार्वत्रिक आकडा नाही, पण तुमचा आकडा मते उघडण्याआधी लिहून ठेवा. ७२ टक्के आल्यावर 'मग ७० ठेवू या' म्हणणारा माणूस प्रत्येक गटात असतो.

विधाने लिहितानाही जपावे लागते. 'मॉर्फिन सुरू करावे आणि सोबत रेचक द्यावे' यावर आलेल्या मताचा अर्थ लावता येत नाही, कारण पहिल्या अर्ध्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारा अडकतो. ती दोन विधाने करा. आणि 'रुग्णाचा सन्मान राखावा' यासारखी विधाने मतदानाला टाकू नका. शंभर टक्के पडतात, सहमतीचा आकडा फुगतो, हाती काही लागत नाही.

सहमती झाली नाही तर? झाली नाही असे छापा. डिमेन्शियातल्या पॅलिएटिव्ह केअरवर युरोपियन असोसिएशन फॉर पॅलिएटिव्ह केअरने २०१४ मध्ये श्वेतपत्रिका काढली. २३ देशांतल्या ६४ तज्ज्ञांनी डेल्फायमध्ये भाग घेतला होता. बहुतेक विभागांवर पूर्ण सहमती झाली, पण अन्नपाणी, आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर पॅलिएटिव्ह केअर लागू होते, या विषयांवर सहमती मध्यमच राहिली, आणि त्यांनी ती तशीच जाहीर केली. त्या दस्तऐवजातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग तोच. घरच्यांशी नळीने अन्न देण्याबद्दल बोलताना 'यावर जाणकारांचेही एकमत नाही' हे मी खरेपणाने म्हणू शकते. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर हॉस्पिस अँड पॅलिएटिव्ह केअरने पॅलिएटिव्ह केअरची नवी व्याख्या ठरवली तेव्हा ८८ देशांतल्या चारशेहून अधिक सदस्यांची मते घेतली होती. तिथेही मूळ मतभेद शेवटपर्यंत टिकले: ही सेवा सर्व गंभीर आजारी माणसांच्या दुःखाची, की आयुष्य थोडे उरलेल्यांची? ते त्यांनी लेखात मोकळेपणाने सांगितले. पाणी देणे, सिडेशन म्हणजे औषधाने गुंगीत ठेवणे, उपचार थांबवणे यांवर तुमच्या गटात मतभेद झालेच तर शब्दांची मखलाशी करून ते झाकू नका. 'योग्य त्या रुग्णांत योग्य वेळी विचार व्हावा' असे वाक्य आले की समजावे, इथे भांडण होते आणि ते पुरले गेले. दोन्ही बाजू दोन-दोन ओळींत लिहा, आणि तोवर वाचणाऱ्याने काय करावे तेही सांगा. मूल्यांची विधाने आणि पुराव्याची विधाने वेगवेगळ्या परिच्छेदांत असू द्या. कायद्याचा भाग कायदा जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

औषधांच्या मात्रेचे कोष्टक हा मार्गदर्शिकेतला सर्वांत धोकादायक भाग, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचे त्वचेखालच्या मात्रेत रूपांतर करताना काही ठिकाणी २:१ हे प्रमाण वापरतात, काही ठिकाणी ३:१. दिवसाला तोंडाने ६० मिलिग्रॅम घेणाऱ्याला एका हिशोबाने ३० मिलिग्रॅम, दुसऱ्याने २०. दोन्हींना मोठ्या संस्थांचा आधार सापडतो. वेगवेगळ्या संस्थांतून आलेल्या तुमच्या सदस्यांच्या हाताला वेगवेगळे प्रमाण बसलेले असणार, आणि प्रत्येकाला वाटणार की सगळे जग आपल्यासारखेच करते. एक निवडा, कारण लिहा, आणि दिशाही लिहा. तोंडावरून त्वचेखाली जाताना ३:१ सावध असते, त्वचेखालून तोंडावर येताना २:१. एकच कोष्टक दोन्ही दिशांनी वाचले जाते, आणि उलट दिशेने वाचणाऱ्याला ते कोणी सांगितलेले नसते. मूत्रपिंड निकामी असताना मॉर्फिनची चयापचयातली द्रव्ये शरीरात साचतात, ही सूचना तळटीपेत नको, त्याच ओळीत हवी. यातली बरीच औषधे त्वचेखाली देणे किंवा या लक्षणासाठी वापरणे त्यांच्या परवान्यात बसत नाही. जिथे तसे असेल तिथे स्पष्ट लिहा, कारण सही करणाऱ्यावर जबाबदारी येते.

लिहिण्याच्या रीतीही ठरवून घ्या. ०.५ लिहावे, नुसते .५ नव्हे, ५ लिहावे, ५.० नव्हे. टिंब दिसले नाही की दहापट. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा. मिलिलिटरमध्ये मात्रा देऊ नये, कारण कुपीची तीव्रता जागोजागी बदलते. आणि मांडणी पूर्ण झालेल्या अंतिम प्रतीवरचा प्रत्येक आकडा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा. मसुदा तपासून भागत नाही. कोष्टकातली ओळ मांडणी करताना सरकते, कोष्टक दोन पानांत तुटते, आणि दुसऱ्या पानावर रकान्यांची शीर्षके येत नाहीत.

रुग्ण आणि कुटुंबीय गटात हवेतच, आणि एकटे नकोत. डॉक्टरांच्या घोळक्यात एकट्याने बसलेला माणूस मान डोलावतो. निदान दोघे असावेत, त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे, आणि बैठकीआधी कोणीतरी त्यांना मसुदा समजावून सांगावा. आपल्या क्षेत्रातली वेगळी अडचण अशी की काम चालू असताना हे सदस्य खालावू शकतात, जाऊही शकतात. याबद्दल त्यांच्याशी सुरुवातीलाच बोला: तब्येत बिघडली तर थांबायचे की घरून फोनवर मत द्यायचे, त्यांच्या पश्चात नाव छापायचे का. विचारायला संकोच वाटतो. पण त्यांनी याचा विचार आपल्याआधी केलेला असतो.

प्रत्यक्ष लिखाणात लेखणी एकाच्याच हातात द्या. विभाग वाटून घ्यायचे असतील तर घ्या, पण शेवटी एका माणसाने सगळे पुन्हा लिहून काढले पाहिजे, नाहीतर तो मजकूर अनेकांनी वेगवेगळ्या रंगांत विणलेल्या स्वेटरसारखा दिसतो. सामायिक फाइलमध्ये सगळ्यांना थेट दुरुस्तीची मुभा देऊ नये. शेरे लिहावेत, बदल संपादकाने करावेत. शेऱ्यांचे कोष्टक ठेवा: कोणी काय म्हटले, स्वीकारले की नाही, नसेल तर का. कंटाळवाणे काम आहे. पण बाहेरच्यांकडून अभिप्राय मागवाल, आणि तो चार-सहा आठवडे देऊन मागवायलाच हवा, तेव्हा हे कोष्टकच तुम्हाला तारेल. 'आमचे कोणी ऐकलेच नाही' म्हणणाऱ्याला त्याच्या शेऱ्याचा क्रमांक दाखवता येतो. अंतिम मसुदा, विषय माहीत नसलेल्या एका नव्या नर्सच्या हातात द्या आणि एखादा प्रश्न विचारा: उलटी होणाऱ्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी गिळता येत नाही, काय कराल? ती कोणते पान उलटते ते पाहा. काही बोलू नका.

लेखक कोण? आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा चिकित्सकपणे सुधारणे, अंतिम मजकुराला मान्यता, आणि सर्व कामाची जबाबदारी घेणे. चारही पूर्ण करणारे लेखक, बाकीचे ऋणनिर्देशात. बैठकीसाठी सभागृह देणारे संस्थाप्रमुख लेखक होत नाहीत. कुटुंबीय सदस्याने निकष पूर्ण केले असतील तर तो होतो, आणि व्हावा. डेल्फायमध्ये मते देणाऱ्यांची यादी त्यांच्या संमतीने वेगळी छापा, कारण नुसते गुण देणे म्हणजे लेखन नव्हे. लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर तसे नमूद करा. तेही लेखक होत नाही. हे सगळे आणि नावांचा क्रम पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात यावा. शेवटी निघणारा वाद यावरच निघतो, आणि तेव्हा दस्तऐवज तयार असूनही महिनोन्महिने पडून राहतो.

संस्थांचे समर्थन मागायचे असेल तर त्यांच्या कार्यकारिणीला वेळ लागतो हे वेळापत्रकात धरा, आणि अट स्पष्ट ठेवा: समर्थन द्यायचे तर पूर्ण दस्तऐवजाला, ओळी बदलण्याची मागणी अभिप्रायाच्या मुदतीतच.

जर्नल की स्वतःचे प्रकाशन, यात निवड करायची गरज नाही. पूर्ण मार्गदर्शिका खुल्या जागी डीओआय, म्हणजे दस्तऐवजाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, घेऊन ठेवा. ती कशी घडली आणि मुख्य शिफारशी काय, याचा लेख जर्नलकडे पाठवा. आधी संपादकांना पत्र लिहून विचारा की पूर्ण मजकूर इतरत्र असणे त्यांना चालते का. जर्नलचा एक पेच असतो: परीक्षक एखाद्या शिफारशीचे शब्द बदलायला सांगतात. पण ज्या शब्दांवर मतदान झाले ते शब्द बदलता येत नाहीत. संपादकांना नम्रपणे तसे कळवा आणि परीक्षकाचा मुद्दा चर्चेच्या भागात घ्या. लेखाच्या रचनेसाठी राइट ही २२ मुद्द्यांची यादी आहे, मार्गदर्शिकेचा दर्जा तपासण्यासाठी ॲग्री टू, २३ मुद्दे आणि सहा क्षेत्रे. दोन्ही याद्या सुरुवातीलाच भिंतीवर लावा. काम संपल्यावर उघडल्या तर निम्मे रकाने रिकामे निघतात, आणि ते नंतर भरता येत नाहीत.

परवाना निवडताना क्रिएटिव्ह कॉमन्समधला 'बदल नाही' हा पर्याय टाळा. सुरक्षित वाटतो, पण त्याखाली कोणी तुमच्या मार्गदर्शिकेचा अनुवाद करून वाटू शकत नाही. श्रेय देणे बंधनकारक करणारा पर्याय पुरतो. विक्रीची धास्ती असेल तर 'व्यावसायिक वापर नाही' जोडा. दुसऱ्यांची कोष्टके वा आकृत्या घेतल्या असतील तर परवानगी आधी, कारण ज्यावर तुमचा हक्क नाही ते तुम्ही कोणाला खुले करू शकत नाही.

राहिली मुदत. पहिल्या पानावर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि पुढच्या फेरतपासणीचे वर्ष घाला. तीन ते पाच वर्षे ही रूढ मर्यादा आहे. कोणत्या गोष्टी घडल्या तर मुदतीआधीच उघडायचे तेही लिहा: नवी मोठी चाचणी, एखादे औषध बाजारातून जाणे, कायद्यात बदल. आणि जबाबदारी पदाला द्या, माणसाला नको. मात्रेतली चूक सापडली तर त्याच दिवशी जाहीरपणे दुरुस्त करून क्रमांक बदला. जुनी प्रत पुसून टाकू नका. त्या काळी काय सांगितले जात होते हे उद्या कोणाला न्यायालयातही दाखवावे लागू शकते. त्याच दुव्यावर, प्रत्येक पानावर 'मागे घेतले' असा शिक्का मारून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून पुढे पाठवले जाते ते बहुधा एकच पान, मात्रेच्या कोष्टकाचे. म्हणून आवृत्ती क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख त्या कोष्टकाच्या चौकटीच्या आत छापा.